नाव विचारा, सुचवू नका

कोवलमहून केळंबाक्कमकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एक रुग्णालय. ओटीच्या दाराशी स्ट्रेचरवर मासेमारी करणारे एक आजोबा. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. भूलतज्ज्ञ मॅडम मूळच्या सांगलीच्या. माझ्याशी मराठीत बोलतात, सिस्टरांशी तमिळमध्ये.

नवी सिस्टर वाकून विचारते, “तुम्ही मुरुगनच ना?” मॅडम तिला थांबवतात. घाबरलेला, कानाने थोडा मंद माणूस कशालाही ‘आमा’ म्हणतो, म्हणजे हो. मग प्रश्न बदलतो: “उंग पेर एन्ना?” आता नाव आजोबांनाच सांगावं लागतं. पाय कोणता, तेही. त्यानंतर मनगटावरची पट्टी आणि केसपेपर.

“नीट लक्ष दे म्हटल्याने कुणाचं लक्ष वाढत नाही हो,” मॅडम म्हणतात. “रात्रपाळी केलेल्याचं तर नाहीच.”

त्या मला भुलीच्या मशीनमागे नेतात. सिलिंडर जिथे अडकवतात तिथे दोन खिळे आहेत. ऑक्सिजनचे २ आणि ५ क्रमांकाच्या जागी, नायट्रस ऑक्साइडचे ३ आणि ५ च्या. डोळ्यांवर झोप असली तरी चुकीचा सिलिंडर बसतच नाही. अर्थात एकाऐवजी दोन-तीन वॉशर घातले की खिळेही फसतात. जुगाडाला कुठलीच युक्ती पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी यादी २००८ सालची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. भूल देण्यापूर्वी, चिरा घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी, असं तीनदा थांबायचं. पुष्कळ ठिकाणी मात्र सगळ्या खुणा शेवटी एकदमच होतात. इथे यादी भिंतीवर आहे आणि ती मोठ्याने वाचते सगळ्यांत धाकटी सिस्टर. ती वाचत असताना सर्जनच्या हाती ब्लेड देत नाहीत. मला हे कागदापेक्षा मोलाचं वाटलं.

खरी अडचण ट्रॉलीच्या खणात. ॲट्रोपिन आणि ॲड्रेनलिन, दोन्हींच्या एक मिलिलिटरच्या बुटक्या अँप्यूल, अक्षरं मुंगीएवढी. दर कमी म्हणून खरेदी विभागाने कंपनी बदलली आणि नव्या खोक्यांचा रंगही सारखाच निघाला. मॅडमनी ॲड्रेनलिन दुसऱ्या खणात हलवलं, सिरिंजांना रंगीत लेबलं लावली आणि फार्मसीला फोन केला. उत्तर आलं: मार्चपर्यंतचं टेंडर आहे.