घारीची विद्या आणि हडपसरचे मैदान

चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेल्या रानावर भर दुपारी घार पंख न हलवता घिरट्या घालत वर वर जाते, हे आपण नेहमी पाहतो. तापलेल्या ढेकळांवरची हवा गरम होऊन वर चढते आणि घार तिच्यावर तरंगते. रानात वावटळ उठते तीही याच गरम हवेमुळे. घारीची ही विद्या माणसाने उचलली आणि बिनइंजिनाचे विमान तयार केले. त्याला ग्लायडर म्हणतात.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाची विमाने बनवण्याबाबत कडक बंधने आली. तेव्हा तिथले तरुण वासरकुप्पे नावाच्या डोंगरावरून ग्लायडर उडवू लागले. १९२० साली त्या डोंगरावर पहिली स्पर्धा भरली, आणि पुढे हा खेळ देशोदेशी गेला.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येचे घर म्हणजे पुण्याजवळचे हडपसर. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने येथे ग्लायडिंग केंद्र चालवले. हडपसर तेव्हा मळ्यांचे गाव होते आणि मैदानाभोवती रान मोकळे होते.

इंजिन नाही, मग ग्लायडर उडते कसे, असे आपण विचाराल. मैदानाच्या एका टोकाला यंत्रावर मोठे रीळ असते. त्यावरची लांब पोलादी तार दुसऱ्या टोकाला उभ्या ग्लायडरला अडकवतात. यंत्र रहाटासारखे फिरून तार वेगाने गुंडाळू लागले की ग्लायडर पतंगासारखे वर चढते. हजारभर फुटांवर वैमानिक तार सोडतो. तेथून पुढे सारा भरवसा हवेवर. साधे शिकाऊ ग्लायडर एक फूट खाली येईपर्यंत वीसेक फूट पुढे जाते. वैमानिक खाली कोरडी, नांगरलेली जमीन शोधतो, कारण तिथली हवा वर उचलते. पाणी दिलेल्या उसाच्या फडावर ती साथ मिळत नाही.

या कथेत आपल्या ओळखीची नावेही आहेत. दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरील खात्याच्या तंत्रकेंद्रात देशी ग्लायडरे तयार झाली. १९५८ साली ‘अश्विनी’ उडाले, १९६१ साली ‘रोहिणी’, १९६३ साली ‘कार्तिक’ आणि १९७० साली ‘मृगशीर’. या मालिकेत ‘भरणी’ही होते. अश्विनी, रोहिणी व कार्तिक यांचा आराखडा एस. रामामृतम् यांचा. ज्या नक्षत्रांवर आपण पेरणीचा अंदाज बांधतो, त्यांचीच नावे विमानांना मिळाली! रोहिणीत गुरू व शिष्य शेजारी-शेजारी बसत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांनीही त्यातून धडे घेतले.

पण आज पुणे शहराने हडपसरला चहूबाजूंनी वेढले आहे. गावच्या गायरानाचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. मोकळ्या जागेची किंमत ती गेल्यावर कळते. ग्लायडरला इंजिन नसल्याने उतरताना चुकले तर पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून त्याला आजूबाजूला मोकळी जमीन लागतेच. हे मैदान गेले तर महाराष्ट्रातल्या मुलांची उडण्याची एक शाळा जाईल.

हवेने साथ सोडली की ग्लायडर कधी एखाद्या शेतातही उतरते. असे झाले तर घाबरू नका. आधी वैमानिकाला लागले नाही ना, ते पाहा. गर्दी आणि जनावरे दूर ठेवा, पंखांना हात लावू नका. पिकाचे नुकसान झाले असेल तर नाव-पत्ता घेऊन शांतपणे बोला.

ग्लायडर शिकण्याचा परवाना वयाच्या सोळाव्या वर्षी मिळू शकतो. ऊन, वारा आणि ढग वाचायला आपली मुले-मुली लहानपणीच शिकतात. वैमानिकाचा पहिला धडा तोच असतो. तेव्हा ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून त्यांना मागे ओढू नका.