अंथरुणावरून ऐकलेला पाऊस

१९७५ सालच्या जानेवारीतील गोष्ट. लंडनमध्ये ओल्या रस्त्यावर घसरलेल्या ब्रायन ईनो या २६ वर्षांच्या संगीतकारास टॅक्सीची धडक बसली. घरी आल्यावरही त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले. एके दिवशी त्यांची मैत्रीण ज्यूडी नायलॉन समाचारास आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून तिने हार्प या तंतुवाद्याची, अठराव्या शतकातील संगीताची एक तबकडी आणली होती.

ती गेल्यावर, ईनो सांगतात, आपण मोठ्या कष्टाने उठून तबकडी लावली आणि पुन्हा आडवे झालो. मग ध्यानात आले की आवाज अगदीच बारीक राहिला आहे आणि दोन ध्वनिक्षेपकांपैकी एक बंदच आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजातून हार्पचे मोजकेच स्वर वर येत आणि पुन्हा बुडून जात. प्रथम त्यांना चुटपुट लागली. पण हळूहळू त्यांना जाणवले की खोलीतला उजेड किंवा खिडकीबाहेरचा पाऊस यांप्रमाणेच संगीतही भोवतालाचा एक भाग होऊन राहू शकते.

त्याच वर्षी त्यांची ‘डिस्क्रीट म्यूझिक’ ही तबकडी प्रसिद्ध झाली. ‘डिस्क्रीट’ म्हणजे आपली मर्यादा ओळखून वागणारे. तिच्या पहिल्या बाजूस अर्ध्या तासाची एकच रचना आहे. दोन साध्या स्वरावली दोन टेपरेकॉर्डरांमधून फिरत राहतात, एकमेकींवर येतात आणि विरतात. त्यात ताल नाही, शब्द नाहीत, उत्कर्षबिंदूही नाही. १९७८ मध्ये ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्‌स’ आली आणि या प्रकारास ‘अँबियंट’ हे नाव रूढ झाले. लक्ष देऊन ऐकले तर रस वाटावा, लक्ष न दिले तरी बिघडू नये, एवढीच या संगीताची अपेक्षा.

आजाऱ्याचा कान

ही हकीकत मी वाचली तेव्हा मला माझे वडील आठवले. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर ते तीन महिने अंथरुणावर होते. त्यांना एकटे वाटू नये म्हणून मी सकाळपासून त्यांच्या उशाशी भक्तिगीते लावीत असे. त्यांना ऐकू कमी येते, या समजुतीने आवाजही चढाच ठेवी. आठ-दहा दिवसांनी एका दुपारी ते अत्यंत संकोचाने म्हणाले, “बाळ, हे जरा बंद करतोस का? आणि तेवढी खिडकी उघड.”

खिडकीबाहेर भाजीवाल्याची हाळी होती, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होती, चिमण्या होत्या. त्यांना तेच ऐकायचे होते. मी मायेपोटी जे करीत होतो, ते निमूटपणे सोसण्याखेरीज त्यांच्या हाती काही नव्हते. कारण बंद करण्याचे बटण त्यांच्या हाताच्या टप्प्यात नव्हते. निरोगी माणूस न आवडणाऱ्या आवाजापासून उठून जाऊ शकतो. अंथरुणावरचा माणूस जाऊ शकत नाही.

दुसरी बाजू

ईनो यांच्या कथेस दुसरी बाजूही आहे आणि शुश्रूषा करणाऱ्यांनी ती अवश्य जाणून घ्यावी. ज्यूडी नायलॉन यांनी पुढे सांगितले की त्या दिवशी चुकून असे काहीच घडले नव्हते. तबकडी त्यांनीच लावली होती. ईनो जिथे पडून होते तिथे पावसाची रिमझिम आणि तारांचा स्वर यांचा मेळ बसेल, अशा बेताने त्यांनी आवाज जमवला होता आणि ईनो यांनीही त्यात साथ दिली होती. लहानपणी आपण अस्वस्थ झालो की संगीत ऐकत झोपी जाण्याची मुभा आपल्याला असे, हेही त्यांनी सांगितले.

कोणाची आठवण अधिक खरी, हा निवाडा आपण करू नये. परंतु पहिल्या कथेत एक भाग्याचा अपघात आहे, तर दुसरीत आजाऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून आवाज जुळवणारी एक व्यक्ती आहे. शुश्रूषेत असे पुष्कळदा होते. नीट केलेले काम दिसेनासे होते आणि सारे आपोआप घडले असे वाटू लागते.

नातवंडांच्या खोलीतील धुके

आज घरातील तरुण मुलांच्या खोलीतून कधी कधी धुक्यासारखे पसरलेले संगीत कानी येते. त्यात गिटार आहे, पण तिचे स्वर सुटे ओळखू येत नाहीत. गाणारा आहे, पण शब्द कळत नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या या शैलीस ‘शूगेझ’ म्हणतात. पायाशी मांडलेली ध्वनिपरिणामांची बटणे दाबण्यासाठी वादक सतत खाली बुटांकडे पाहत, म्हणून वृत्तपत्रांनी थट्टेने दिलेले हे नाव. त्याच सुमारास ब्रिस्टल शहरात संथ, जड ठेक्याचे ‘ट्रिप-हॉप’ आकारास आले. ‘मॅसिव्ह अटॅक’ या ब्रिस्टलच्या गटाच्या १९९८ च्या ‘मेझनाइन’मध्ये हा संथ ठेका, गिटारींचे दाट आवरण आणि भोवताल व्यापणारे स्वर एकत्र आले आहेत. ‘स्लोडाइव्ह’ या शूगेझ गटाच्या १९९३ च्या ‘सुव्लाकी’मध्ये तर दोन गीतांत खुद्द ईनो यांचा सहभाग आहे.

याच ‘स्लोडाइव्ह’ने २०२३ मध्ये ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ हा संग्रह काढला. गायिका रेचल गॉस्वेल यांची आई आणि तालवादक सायमन स्कॉट यांचे वडील २०२० मध्ये निवर्तले. हा संग्रह त्या दोघांना अर्पण केलेला आहे. एके काळची तरुण मुले आता आईवडिलांना निरोप देण्याच्या वयात आली आहेत. नातवंडांच्या खोलीतील हे संगीत आपल्या सुखदुःखापासून वाटते तितके दूर नाही.

आपल्याकडील श्रोत्यास या संगीताचा एक धागा ओळखीचा वाटेल. दोन टेपरेकॉर्डर जोडून स्वर फिरते ठेवण्याची पद्धत साठच्या दशकात अमेरिकेतील टेरी रायली यांनी वापरली होती. हेच रायली आणि सलग स्वरांचे संगीत रचणारे ला माँट यंग सत्तरच्या दशकात किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. किराणा म्हटले की आपल्याला मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि तेथील तंबोरे आठवतात. तंबोरा काही सांगत नाही, कुठे जात नाही. तो फक्त सोबत असतो.

घरी काय करता येईल?

संगीत हे औषध नव्हे. चालू उपचारांची जागा ते घेऊ शकत नाही. मात्र योग्य बेताने ते स्वास्थ्य देते. इंग्लंडमधील होव्ह येथील माँटेफिओर रुग्णालयात २०१३ मध्ये ईनो यांच्या ध्वनी व प्रकाशरचनेची एक शांत खोली तयार करण्यात आली. आपल्या घरी इतका खटाटोप नको. पुढील गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

१. आधी विचारावे. काय लावू, किती वेळ, की काहीच नको? बोलता न येणाऱ्याच्या कपाळावरील आठ्या, हातांची चाळवाचाळव, मान फिरवणे यांकडे लक्ष द्यावे.

२. बंद करण्याचे साधन रुग्णाच्या हाताशी ठेवावे. ते शक्य नसल्यास हाताची एखादी खूण ठरवून घ्यावी.

३. आवाज रुग्णाच्या उशाशी बसून जुळवावा, दारात उभे राहून नव्हे. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. उलट मोठा आवाज एकाएकी असह्यही होतो. म्हणून नुसता आवाज चढवून उपयोग होत नाही.

४. संभाषण, जेवण व औषधे घेताना संगीत बंद ठेवावे. पार्श्वभूमीला आवाज असला की ऐकू कमी येणाऱ्यास शब्द वेगळे काढणे फार जड जाते.

५. स्मृतिभ्रंश असल्यास एका वेळी एकच आवाज असावा. दूरदर्शन, मोबाइल आणि गाणे एकदम नको. तरुणपणी आवडलेली गाणी अशा व्यक्तींच्या स्मरणात बहुधा दीर्घकाळ टिकतात. ती थोडा वेळ लावून पाहावीत.

६. कानात सतत गुणगुण होत असल्यास रात्री अगदी मंद ध्वनी सोबतीस ठेवल्याने ती कमी जाणवू शकते. मात्र आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

७. इअरफोन वापरणाऱ्या नातवंडांनाही सांगावे : प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते.

वडील पुढे काठी घेऊन चालू लागले. त्या तीन महिन्यांच्या अखेरीस आमचा एक नेम ठरला होता. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मी खिडकी उघडी ठेवून तंबोऱ्याची ध्वनिफीत अगदी बारीक लावीत असे. “ऐकू येते का?” असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “कधी येते, कधी नाही. राहू दे तसेच.”