दरड, अरण्य आणि पाहुणे

श्रावण लागला कीं शहापूर व मुरबाड या तालुक्यांचे डोंगर हिरवेगार होतात, आणि माळशेज घाटांत व माहुलीच्या पायथ्याशीं शहरांतील लोकांची गर्दी लोटते. ही गर्दी रानाला तारक होईल कीं मारक, याचा विचार वाचकांपुढें मांडावा, असा आमचा हेतु आहे.

प्रथम दरडी कां कोसळतात तें पाहूं. सह्याद्रि हा ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक बसून झालेला पर्वत आहे. त्याच्या काळ्या खडकाला भेगा असून थरांच्या मधून मधून ठिसूळ मुरूम असतो. अतिवृष्टीचें पाणी भेगांतून उतरलें म्हणजे माती जड व निसरडी होते आणि उतार सुटतो. झाडांचीं मुळें ही माती धरून ठेवितात. म्हणून जेथें झाडें तुटतात किंवा उतार कापला जातो, तेथें धोका वाढतो. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव दरडीखालीं गाडलें गेलें व सुमारें दीडशें माणसें मृत्यु पावलीं. तें स्थळ मुरबाडपासून फार दूर नाहीं. मधें सह्याद्रीचा कडा आहे, इतकेंच.

त्या कड्यावर १९८५ सालीं स्थापिलेलें भीमाशंकर अभयारण्य आहे. भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनीं २ जानेवारी १९४३ रोजीं जेथें प्राण वेंचिले, तो सिद्धगड त्यांतच येतो. शहापुराकडे तानसा अभयारण्य आहे. तेथील तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. १८८४ नंतर शंभरांहून अधिक वर्षें न दिसलेला रानपिंगळा १९९७ सालीं नंदुरबारकडे सांपडला, आणि २०१४ सालीं तो तानसाच्या रानांतही आढळला. असा पक्षी गोंगाटांत राहत नाहीं.

मग पाहुण्यांनीं येऊंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. दरडीनें वाट बंद पडली व शेतांत दगडमाती भरली, म्हणजे त्या वर्षीं पाहुण्यांचा पैसा हा गांवकऱ्यांस मोठा आधार होतो. मात्र तो पैसा गांवांत राहिला पाहिजे. वाटाड्या गांवचा असावा, जेवण गांवच्या चुलीवरील भाकरीचें असावें, आणि मुक्काम गांवांतच व्हावा. ज्याचें पोट उभ्या रानावर भरतें, तो रानावर कुऱ्हाड चालवीत नाहीं व उन्हाळ्यांत वणवा लागल्यास विझविण्यास प्रथम धांवतो.

पाहुण्यांचेंही कर्तव्य आहे. मुसळधार पावसांत धबधब्याखालीं जाऊं नये. जिल्हाधिकाऱ्यांनीं बंदी केली असतां ती मोडूं नये. प्लॅस्टिक रानांत टाकूं नये. आणि गांवकरी "आज वर जाऊं नका" म्हणाला, तर मुकाट्यानें परतावें. त्या डोंगराचा स्वभाव तो आपल्यापेक्षां अधिक जाणतो.

विद्यार्थी मित्रहो, ही सृष्टि परमेश्वराची आहे. आपण तिचे धनी नसून कारभारी आहों. पुढील सहलीस निघतांना एवढें ध्यानांत ठेवा, आणि आपल्या आईबापांसही सांगा.