दारावरची पाटी आणि नोंदवहीतलं नाव

मनाच्या दुखण्यासाठी माणूस बाहेर पडतो तो बहुधा उशिराच. घरच्यांचं समजावून झालेलं असतं, उपास-तापास झालेले असतात, झोप उडालेली असते. अशा वेळी तो दारावरची पाटी वाचतो आणि आत शिरतो. पाटीवर ‘सायकॉलॉजिस्ट’ लिहिलंय म्हणजे सरकारने पारखून परवाना दिलेला असणारच, असं तो गृहीत धरतो. सगळ्यात घातक गैरसमज हाच, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

भारतात मानसशास्त्रज्ञांमध्ये वर्षानुवर्षं नोंदणीची सक्ती होती ती मुख्यतः ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या वर्गाला. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, ही वैधानिक संस्था झाली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून व्यवसाय करता येत नाही. नुसतं एम.ए. त्यासाठी पुरत नाही. त्यापुढे मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण लागतं. आज काम करणाऱ्या बहुतेकांनी ते दोन वर्षांच्या एम.फिल.मधून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासत घेतलेलं आहे. पण मानसशास्त्रात एम.ए. करून कुणी साधी ‘सायकॉलॉजिस्ट’ किंवा ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावली, तर त्याचं नाव तपासायला वहीच नव्हती. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने हे इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही कक्षेत घेतले. त्यासाठी राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापन करायच्या होत्या. ते काम इतकं रेंगाळलं, की ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. कायदा कागदावर आला म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, असं मुळीच नाही.

आणि नियम मोडला तर? १९९२च्या कायद्यात नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोठ्या शहरांत एका बैठकीची फी हजाराच्या पुढे गेलेली असताना या दंडाचा धाक कुणाला वाटणार? तो वाढवायलाच हवा.

आता थोडी माहिती असलेल्यांचा गैरसमज. ‘आरसीआय नंबर आहे ना, मग झालं.’ नाही झालं. या परिषदेच्या नोंदवहीत एकटे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाहीत. विशेष शिक्षक, श्रवण आणि वाचा-उपचार तज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे, श्रवणयंत्रांचे तंत्रज्ञ अशा कितीतरी वर्गांची नावं तिथे आहेत. प्रत्येकाला नंबर मिळतो आणि तो नंबर खराच असतो. विशेष शिक्षकाचं काम मोलाचं आहे, पण त्याचा नंबर दाखवून कुणी नैराश्याचं निदान करू लागलं किंवा बुद्ध्यांकाच्या अहवालावर सही करू लागलं, तर ते चूकच. त्यामुळे अहवाल हातात आला की शेवटचं पान नीट बघा. सहीखाली नाव, पदवी, नोंदणी क्रमांक असा शिक्का असतो. तो क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. तिथे नावाबरोबर दोन गोष्टी तपासायच्या: वर्ग कोणता लिहिलाय आणि नोंदणीची मुदत कधी संपते. कारण ही नोंदणीही जन्मभराची नसते. ठरावीक वर्षांनी ती नवी करावी लागते आणि दरम्यान प्रशिक्षण-कार्यशाळांना हजेरी लावून गुण मिळवावे लागतात.

राज्य पातळीवर आणखी एक वही आहे, तिची तर अनेकांना गंधवार्ताही नसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, २९ मे २०१८पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करून यादी जाहीर करायची आहे. सेवेतल्या त्रुटींबद्दलच्या तक्रारीही याच प्राधिकरणाकडे करता येतात.

‘नावाआधी डॉ. आहे, म्हणजे गोळ्याही देतील’ हाही समज घरोघरी आहे. मानसशास्त्रातली पीएच.डी. केली की ‘डॉ.’ लावता येतं, पण त्याने औषध लिहून देण्याचा अधिकार येत नाही. गोळ्या देणारे मनोविकारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतात, मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतात. त्यांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायला २०१७च्या कायद्यातल्या १०६व्या कलमाने स्पष्ट मनाई केली आहे. ‘झोपेची एक गोळी घेऊन बघा’ असं मानसशास्त्रज्ञाने नुसतं तोंडी सुचवणंसुद्धा त्यातच येतं.

याचं दुसरं टोकही तितकंच चुकीचं: आरसीआयच्या वहीत नाव नाही म्हणजे माणूस भोंदू. शाळेतल्या समुपदेशक, समाजकार्याची पदवी घेऊन रुग्णालयात काम करणारे, हेल्पलाइनवर रात्रपाळी करणारे, यांतल्या अनेकांनी रीतसर शिक्षण घेतलेलं असतं आणि त्यांच्यामुळे लोक सावरतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची संख्या आपल्याकडे अपुरी आहे. जिल्ह्याच्या गावीसुद्धा ते सहज सापडत नाहीत. भीती वाटावी ती वीकेंडच्या कोर्सवर ‘थेरपिस्ट’ झालेल्यांची, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांची. शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे पहिल्याच भेटीत विचारावं. त्यात अपमान काही नाही. चांगली माणसं ते न विचारताही सांगतात.

शेवटी परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी. मुलगी न्यू जर्सीत एकटी आहे, मराठीत बोलायला मिळालं तर मोकळी होईल, म्हणून पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञाकडून ऑनलाइन उपचार सुरू करायचे, असं अनेकांना वाटतं. भावना रास्तच आहे. पण ‘इथला परवाना तिथेही चालतो’ हा समज चुकीचा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांना परवाना देशाचं सरकार देत नाही, राज्य देतं. १९४५ साली कनेक्टिकटने पहिला कायदा केला, १९७७मध्ये मिसुरीने केला तेव्हा पन्नासही राज्यं पूर्ण झाली. बहुतेक राज्यांत डॉक्टरेट, देखरेखीखालच्या कामाचे तास आणि २२५ प्रश्नांची परीक्षा लागते. शिवाय रुग्ण उपचाराच्या वेळी ज्या राज्यात असेल, तिथला नियम लागू होतो. न्यू जर्सीचा परवाना नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये आपोआप चालत नाही. अनेक राज्यांनी आपसात करार केल्यामुळे २०२०पासून काही ठिकाणी सीमेपलीकडे ऑनलाइन उपचार करता येतात, पण त्यासाठी हातात अमेरिकेतला परवाना आधी लागतो. म्हणून तिथले मानसशास्त्रज्ञ व्हिडिओ कॉल सुरू झाला, की तब्येतीची चौकशी करण्याआधीच विचारतात, ‘आत्ता तू कोणत्या राज्यात आहेस?’