थायलंडचा 'नाक': गळ्यातल्या नागामागची श्रद्धा आणि त्याचा बाजार

बँकॉकला सहलीला गेलेली मंडळी राजवाडा बघून बाहेर पडली की जवळच्याच था फ्रा चान भागात पोहोचतात. तिथे फूटपाथवर, टपऱ्यांत, काचेच्या पेट्यांत हजारो छोटे ताईत मांडलेले असतात. डोळ्याला भिंग लावून लोक एकेक ताईत तपासत असतात. त्यात सात फण्यांचा, तुरा असलेला नाग वारंवार दिसतो. दुकानदाराला विचारलं तर उत्तर मिळतं, 'फया नाक'. आपल्याला वाटतं हा नाकाबद्दल काहीतरी बोलतोय. पण थाई भाषेत 'नाक' म्हणजे नाग आणि 'फया नाक' म्हणजे नागराज. शब्द आपल्याकडूनच गेलेला; फक्त उच्चार तिकडचा.

हा नाग डसणारा नाही

थाई लोकांचा 'फया नाक' म्हणजे रानातला साप नव्हे. तो पाण्याचा मालक, पावसाचा दाता आणि बुद्धाचा राखणदार. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात असताना मोठा पाऊस आला. तेव्हा मुचलिंद नागराजाने वेटोळी घालून त्यांना वर उचललं आणि डोक्यावर फणा धरला, अशी कथा आहे. या रूपातल्या मूर्तीला तिकडे 'नाक प्रोक' म्हणतात. थायलंडमध्ये आठवड्याच्या प्रत्येक वाराची वेगळी बुद्धमुद्रा असते. शनिवारची मुद्रा हीच. म्हणून शनिवारी जन्मलेले लोक हा ताईत आवर्जून घालतात.

दुसरी कथा आणखी बोलकी आहे. एका नागाने माणसाचं रूप घेऊन भिक्षूची दीक्षा घेतली. झोपेत त्याचं खरं रूप उघड झालं आणि त्याला संघ सोडावा लागला. त्याची आठवण म्हणून दीक्षा घेणाऱ्या तरुणाला थायलंडमध्ये आजही 'नाक' म्हणतात, असं तिथले लोक सांगतात. दीक्षेच्या वेळी 'तू मनुष्य आहेस ना?' हा प्रश्न आजही विचारला जातो.

मेकाँगकाठची श्रद्धा

या श्रद्धेचा जोर ईशान्य थायलंडमध्ये, लाओसच्या सीमेवरच्या मेकाँग नदीकाठी जास्त. नोंग खाई प्रांतात वर्षावासाच्या समाप्तीच्या पौर्णिमेला नदीतून लालसर गोळे वर उठताना दिसतात. भाविकांसाठी तो नागराजाचा श्वास. कुणी म्हणतं नदीतला वायू पेटतो, कुणी म्हणतं पलीकडून माणसंच काहीतरी उडवतात. वाद मिटलेला नाही, गर्दीही कमी होत नाही.

शेजारच्या उदोन थानी प्रांतात खाम चानोत नावाचं ताडासारख्या उंच झाडांचं बेट आहे. पूर आला तरी ते बुडत नाही, कारण खाली नागराज श्री सुत्थोचं राज्य आहे, अशी समजूत. केळीच्या पानांचे नागाच्या आकाराचे नैवेद्य घेऊन लोक तिथे येतात. बरेच जण लॉटरीचा आकडा मिळावा म्हणूनही येतात. सरकारी लॉटरीची सोडत साधारण दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये थाई मंत्रिमंडळाने नागाला पौराणिक प्राण्यांच्या वर्गात राष्ट्रीय प्रतीक ठरवलं.

धनावर नाग बसलेला असतो, असं कोकण-गोव्यातही म्हातारी माणसं सांगतात. तेव्हा नाग आणि पैसा ही जोडी आपल्याला नवी नाही.

'विकत' नाही, 'भाड्याने'

ताईत तांब्या-पितळेचा असतो किंवा माती आणि भुकटी दाबून केलेला. साचा एक, माल एक, तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कारण किंमत धातूची नसते. कुठल्या भिक्षूने तो मंत्रून दिला, कुठल्या विहारात, कोणत्या वर्षी आणि किती नग निघाले, यावर भाव ठरतो.

थाई माणूस ताईत 'विकत घेतला' म्हणत नाही, 'भाड्याने घेतला' म्हणतो. पवित्र वस्तूचा सौदा होत नाही, ही त्यामागची भावना. आपणही गणपती 'खरेदी' करत नाही, 'आणतो'. ताईत कमरेखाली ठेवायचा नाही, घालताना हात जोडायचे, हे त्याचे नियम.

शब्द काहीही असो, व्यवहार पैशाचाच. २००६-०७ मध्ये नखोन सी थम्मरात इथल्या 'चतुखाम रामथेप' ताइतांची अशीच लाट आली. नागाचा नसला तरी धडा तोच. ताईत भराभर काढले गेले, लोकांनी नफ्याच्या आशेने साठे केले. मग माल इतका झाला की भाव कोसळले. १९८७ च्या पहिल्या खेपेला मान राहिला, नंतरच्या ढिगाला गिऱ्हाईक मिळेना. पुरवठा वाढला की भाव पडतो, हा नियम मंत्रालाही चुकत नाही.

घेणाऱ्याने काय बघावं

आवड किंवा श्रद्धा म्हणून साधा ताईत घ्यायला हरकत नाही. तो विहारातून घेतला तर पैसे निदान विहाराच्या कामी लागतात. पण 'जुना आहे, भाव वाढेल' असं सांगून कुणी मोठी रक्कम मागत असेल तर थांबावं. नकली माल तिथे भरपूर आहे आणि तो ओळखायला जाणकारांनाही भिंग लागतं.

हस्तिदंत, वाघाचं कातडं किंवा दात वापरलेला ताईत तर अजिबात घेऊ नये. तो आणणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. बुद्धमूर्ती थायलंडबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यात घालायच्या लहान ताइताला सहसा सूट मिळते.

कर्ज फेडायचं म्हणून ताईत घेणं आणि त्याच्या भरवशावर पुन्हा लॉटरी लावणं, हा मात्र घाट्याचाच धंदा. मुचलिंदाने फणा धरला तो पावसात बसलेल्या बुद्धावर, आणि बुद्धाने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. नागाचा ताईत गळ्यात घालणाऱ्या जुन्या थाई भाविकांना त्याचा अर्थ एवढाच ठाऊक असतो: वागणं नीट ठेव, राखणदार पाठीशी आहे.