आधी यंत्र तापू द्या

1985 साली जपानमधल्या गेम सेंटरात ‘ग्रेडियस’चं यंत्र सुरू केलं, तरी लगेच खेळता येत नसे. पडद्यावर उलटे आकडे पडायचे आणि सोबत एक प्रसन्न, सकाळच्या वेळेला शोभेल अशी धून वाजायची. तोवर यंत्र आतून तापत असे.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे या खेळातल्या अंतराळयुद्धाइतकंच मला हे तापणं आवडतं. कोनामी कंपनीनं हा खेळ साध्या चिपमध्ये न घालता ‘बबल मेमरी’त भरला होता. गार्नेटच्या पातळ थरावर सूक्ष्म चुंबकीय ठिपके तयार करायचे आणि फिरत्या चुंबकीय क्षेत्रानं ते पुढे ढकलत न्यायचे. ठिपका आला तर एक, नाही आला तर शून्य. वीज गेली तरी माहिती जागच्या जागी, आणि हलणारा भाग एकही नाही! बेल लॅब्जमध्ये ही कल्पना जन्मली तेव्हा साठवणुकीचं भविष्य हेच, असं भल्याभल्यांना वाटलं होतं. पण ही मेमरी गारठ्यात नीट चालत नसे, आणि जवळपास तीव्र चुंबकीय क्षेत्र आलं की माहिती बिघडण्याची भीती. पुढे हाच खेळ साध्या रॉम चिपवर आला आणि ती धून गेली. सोय झाली खरी, पण यंत्राचा स्वभावही गेला.

आता खेळाकडे येऊ. पडदा उजवीकडून डावीकडे आपोआप सरकत राहतो. थांबायची मुभा नाही. आपलं विमान ‘विक वायपर’, समोर ‘बॅक्टेरियन’ नावाचं शत्रूसैन्य. कोनामीनंच 1981 मध्ये ‘स्क्रॅम्बल’ हा असाच आडवा सरकणारा खेळ काढला होता. हिरोयासु माचिगुची आणि त्यांचे सहकारी त्याचाच पुढचा भाग करायला बसले, आणि त्यातून ‘ग्रेडियस’ निघाला.

या खेळाचा खरा जीव पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीत आहे. तिच्यावर ओळीनं सहा घरं: स्पीड अप, मिसाईल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. विशिष्ट शत्रू मारला की लाल कॅप्सूल मिळते आणि पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो. एसटीच्या थांब्यांसारखं आहे हे: कुठे उतरायचं ते आपण ठरवायचं, आणि एकदा उतरलं की पुढचा प्रवास पुन्हा पहिल्या थांब्यापासून. एका कॅप्सूलवर वेग वाढतो; लेझर हवी तर चार साठवाव्या लागतात. ऑप्शनला पाच लागतात. ऑप्शन म्हणजे आपल्या मागोमाग फिरणारा चमकता गोळा. आपण गोळी मारली की तोही मारतो, आणि त्याला मरण नाही. असे चार घेता येतात. मी एकदा वर्गात हिशेब मांडला होता: एकदा वेग, मिसाईल, लेझर, चारही ऑप्शन आणि ढाल मिळून तेहतीस कॅप्सूल!

त्या काळातले बहुतेक नेमबाजीचे खेळ बोटांची चपळाई तपासत. ‘ग्रेडियस’ विचारतो ते वेगळंच: आत्ता खर्च करणार, की अजून थोडं थांबणार? हा प्रश्न गोळ्यांच्या पावसात, क्षणाक्षणाला. माझ्या मते आडव्या नेमबाजीच्या खेळांत यापेक्षा हुशार कल्पना नंतरही फारशी आली नाही.

मात्र खेळ निर्दयी आहे. एक गोळी लागली की सगळी कमाई शून्य. मग थोडं मागून, नुसत्या मंद विमानानं आणि एका बारीक बंदुकीनं पुन्हा सुरुवात. पुढच्या टप्प्यांत असं झालं, तर त्यातून सावरणं ही स्वतंत्र विद्याच आहे.

ही निर्दयता आपल्याही घरांत पोचली, जरा आडवाटेनं. 1986 मध्ये फॅमिकॉम या घरी खेळायच्या यंत्रासाठी ‘ग्रेडियस’ तयार करताना काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःचाच खेळ तपासण्यापुरताही खेळता येईना. म्हणून त्यांनी एक गुप्त किल्ली घातली: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. ती दाबली की विमान शस्त्रांनी सजतं. हाशिमोतो 2020 मध्ये वारले, पण त्यांची किल्ली कोनामीच्या खेळाखेळांतून फिरत राहिली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या ‘व्हिडिओ गेम’मध्ये कॅसेट खोचून ज्यांनी ‘कॉन्ट्रा’ खेळला, त्यांच्यातल्या अनेकांना याच किल्लीनं तीस लाइफ मिळाल्या. (‘ग्रेडियस 3’च्या सुपर फॅमिकॉम आवृत्तीत ही जुनी किल्ली जशीच्या तशी दाबली, तर आपलंच विमान फुटतं. करणाऱ्यांना विनोदबुद्धी होती.)

विनोदबुद्धी मूळ खेळातही आहे. एका टप्प्यात ईस्टर बेटावरची मोआई शिल्पं तोंडातून कडी फेकतात, आणि ती मारायची तर नेम तोंडातच धरावा लागतो. शेवटी, एवढ्या दिव्यातून पार पडून आपण किल्ल्याच्या गाभ्यात पोचतो, तर तिथे एक भलामोठा मेंदू, जो लढतच नाही. काहींना हा शेवट फुसका वाटतो. मला तो चोख वाटतो: ज्याच्या हुकमावर सगळे मेले, त्याला स्वतःला बंदूक धरता येत नाही.

मूळ यंत्र पाहायला मिळणं अवघड आहे, पण 2025 मध्ये कोनामीनं ‘ग्रेडियस ओरिजिन्स’ हा संग्रह काढला. तो आजच्या कन्सोलवर आणि संगणकावर चालतो. खेळून पाहणार असाल तर पहिल्या दोन-तीन कॅप्सूल वेगावर घाला, त्याहून जास्त नको. विमान हाताबाहेर जातं आणि डोंगरावर आपटतं. मग मिसाईल घ्या, आणि पुढचा मोह आवरून ऑप्शनसाठी थांबा.