अब्बांचा फोन का लागला नाही?

मुलांनो, २६ जुलै २००५ या दिवशी तुमच्यापैकी कोणाचाही जन्म झालेला नव्हता. पण घरातल्या मोठ्या माणसांना या दिवसाविषयी विचारून पाहा. त्या दुपारी मुंबईच्या उपनगरांवर जणू आभाळच फाटले. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. इथे सबंध जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, त्याहूनही हा जास्त होता. नवल असे, की त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला.

मी तेव्हा नववीत होते. आम्ही वाकोल्याला राहत होतो. अब्बा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानात कामाला होते. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत कमरेइतके पाणी भरले. वीज गेली. लोकल गाड्या बंद पडल्याची बातमी शेजाऱ्यांनी आणली. अब्बांजवळ मोबाइल होता आणि घरी भाईजानजवळ एक होता. अम्मी सारखी म्हणत होती, "अरे, लाव ना फोन!" भाईजान नंबर फिरवत होता, पण फोनवर रेंजची एकही काडी दिसत नव्हती. ती रात्र आम्ही मेणबत्तीच्या उजेडात बसून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा पायी चालत घरी आले. चपला हातात, पाय सुजलेले. पाणी प्यायल्यावर ते पहिले वाक्य बोलले ते रागाचेच, "पन्नास वेळा फोन केला मी! माझ्या फोनला पूर्ण रेंज होती. तुम्ही फोन बंद करून का बसलात?"

भाईजान म्हणाला, "अब्बा, फोन चालूच होता. रात्रभर हातात धरून बसलो होतो."

दोघेही खरे बोलत होते. मग फोन का लागला नाही? याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, बी.एड. झाल्यावर, वाचताना मिळाले. ते आज तुम्हांला सांगते.

मोबाइलला तार नसते. म्हणून आपल्याला वाटते, की आवाज एका फोनमधून निघतो आणि हवेतून उडत थेट दुसऱ्या फोनमध्ये शिरतो. तसे होत नाही. समजा, तुम्ही शेजारच्या बाकावर बसलेल्या मित्राला फोन केला. (वर्गात करू नका, हे वेगळे सांगायला नको.) तुमचा आवाज आधी जवळच्या टॉवरकडे जातो. टॉवरकडून तो कंपनीच्या केंद्रात जातो, केंद्रातून पुन्हा टॉवरकडे येतो आणि मग मित्राच्या कानात पोहोचतो. तुमच्या दोघांत अंतर हातभर, पण आवाज मात्र काही किलोमीटर हिंडून येतो. फोन आणि टॉवर यांच्यामधला टप्पा तेवढा हवेतला. पुढचा प्रवास पुष्कळ ठिकाणी जमिनीखालून, काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंतून होतो.

सांताक्रूझ स्टेशनच्या पुलावर उभे राहून आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्या पाहा. लोखंडी खांबांवर उभट, अरुंद पेट्या बसवलेल्या दिसतील. त्या तुमच्या फोनशी बोलतात. कुठे कुठे ढोलासारखी गोल चकतीही दिसेल. जिथे काचेचा तंतू पोहोचलेला नसतो, तिथे ती दूरच्या दुसऱ्या गच्चीवरच्या चकतीशी बोलते.

इतके टॉवर कशाला? एकच उंच मनोरा का नाही बांधला? कारण बोलण्यासाठी लागणाऱ्या रेडिओ लहरींच्या वाहिन्या मोजक्याच असतात. एका मनोऱ्याने सगळे शहर व्यापले, तर थोडेच लोक एका वेळी बोलू शकतील. म्हणून १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी एक युक्ती सुचवली. शहराचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे करायचे. प्रत्येक कप्प्याला त्याचा कमी ताकदीचा टॉवर. शेजारच्या कप्प्यांना वेगळ्या वाहिन्या, पण थोड्या दूरच्या कप्प्याला पुन्हा त्याच. कप्पा म्हणजे इंग्रजीत सेल, त्यावरून 'सेल फोन' हे नाव पडले. बाजारपेठेत हे कप्पे अगदी लहान असतात. उलट मोकळ्या माळरानावर जुन्या पद्धतीच्या एका टॉवरची हाक पस्तीस किलोमीटरपर्यंतही पोहोचू शकते.

आता खरा प्रश्न. अब्बांनी क्रॉफर्ड मार्केटमधून भाईजानचा नंबर फिरवला. जुन्या काळच्या फोनची तार घराच्या भिंतीतून आलेली असायची, त्यामुळे फोन कुठे आहे हे ठरलेलेच असे. मोबाइलचा मालक तर आज सांताक्रूझला, उद्या मालेगावला. मग केंद्राला त्याचा पत्ता कसा लागतो?

आपल्या शाळेचेच उदाहरण घ्या. एखाद्या मुलाला न्यायला त्याचे वडील कार्यालयात आले, तर कारकून काय करतात? ते जनरल रजिस्टर उघडतात. त्यात प्रत्येक मुलाचे नाव असते आणि तो कोणत्या इयत्तेत आहे तेही असते. मग शिपाई चाचा त्या इयत्तेच्या मजल्यावर जातात आणि प्रत्येक तुकडीच्या दाराशी उभे राहून नाव पुकारतात. तो मुलगा उठून म्हणतो, "हजर!"

मोबाइलचे असेच चालते. प्रत्येक कंपनीकडे एक मोठी नोंदवही असते. कागदाची नव्हे, संगणकातली. तुमच्या फोनमधल्या सिम कार्डाची नोंद तिच्यात असते. फोन चालू केला, की तो गुपचूप जवळच्या टॉवरला कळवतो, "मी इथे आहे." तुम्ही एका भागातून दुसऱ्या भागात गेलात, तरी तो पुन्हा कळवतो. मालेगावला गेलात तर तिथल्या केंद्राच्या पाहुण्यांच्या वहीत तुमचे नाव चढते आणि तशी खबर घरच्या वहीला जाते. नंबर फिरवला, की केंद्र आधी ही वही पाहते. मग त्या भागातले सगळे टॉवर एकदम तुमच्या फोनला पुकारतात. फोन "हजर" म्हणतो, कोणत्या टॉवरखाली आहे ते कळते आणि तेव्हाच घंटी वाजते. हे सारे काही क्षणांत घडते. ('हजर' हा शब्द तुम्हांला शिकवावा लागत नाही, तो तुमच्या भाषेतही आहे.)

पूर्वी नंबरच्या पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येत असे. २०११ सालापासून देशभर तोच नंबर ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्यामुळे केंद्राला आता आणखी एक वही चाळावी लागते, हा नंबर सध्या कोणाकडे आहे याची.

बोलता बोलता तुम्ही लोकलने सांताक्रूझहून खारकडे निघालात, तर? तुमचा फोन बोलणे चालू असतानाही आसपासच्या टॉवरांची ताकद मोजत असतो. मागचा टॉवर अशक्त झाला आणि पुढचा जोरदार लागला, की संभाषण पुढच्याच्या हाती सोपवले जाते. ते तुम्हांला कळतही नाही.

आता २६ जुलैकडे परत येऊ. अब्बा दक्षिण मुंबईत होते. तिथे पाऊस कमी होता. त्यांच्या डोक्यावरचा टॉवर चालू होता, म्हणून त्यांना पूर्ण रेंज दिसत होती. पण रेंजच्या काड्या फक्त आपल्या जवळच्या टॉवरची हकीकत सांगतात. पलीकडच्या माणसाच्या टॉवरचे काय झाले, हे त्या सांगत नाहीत. टॉवरला वीज लागते. वीज गेली तर बॅटऱ्या काही तास चालतात. पुढे डिझेलचे जनित्र लावावे लागते. त्या दिवशी उपनगरांत वीज नव्हती, डिझेल घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ता नव्हता. जे टॉवर जिवंत राहिले, त्यांच्यावर सगळ्या लोकांनी एकाच वेळी धाव घेतली. त्या काळच्या पद्धतीत एका वाहिनीवर एका वेळी आठच जण बोलू शकत. नववा ताटकळत राही.

म्हणजे अब्बांचा फोन केंद्रापर्यंत पोहोचला होता. वहीत भाईजानचा शेवटचा ठिकाणाही होता, सांताक्रूझ पूर्व. केंद्राने पुकारले, पण ज्या टॉवरने ती हाक भाईजानपर्यंत पोहोचवायची, तोच मेलेला होता.

मोठी झाल्यावर मी अब्बांना एकदा विचारले, "त्या रात्री फोनमध्ये नेमके काय ऐकू आले होते?" ते म्हणाले, "ती बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राबाहेर आहे." म्हणजे 'बंद आहे' असे ती म्हणालीच नव्हती! या दोन वाक्यांत फरक आहे. आपण बटण दाबून फोन बंद करतो, तेव्हा विझण्यापूर्वी तो टॉवरला सांगतो, "मी निघालो." मग केंद्र त्याला पुकारतच नाही, बहुधा लगेच 'बंद आहे' असे ऐकवते. टॉवरच बुडाला, तर निरोप घ्यायला वेळ कुठला? केंद्र पुकारत राहते, थांबते आणि उत्तर आले नाही की दुसरे वाक्य ऐकवते. अब्बांनी रागाच्या भरात दोन्ही वाक्ये एकच धरली होती.

त्या रात्री दुकानातल्या एका मुलाने अब्बांच्या फोनवरून भाईजानला एक लेखी संदेशही पाठवला होता. संदेशाचे काम बोलण्यापेक्षा वेगळे असते. ज्याला तो पाठवायचा, तो सापडला नाही, तर केंद्र त्याला टपालाच्या पाकिटासारखे जपून ठेवते आणि वहीत "हजर" अशी नोंद झाली की पोहोचवते. अब्बा परत आले त्या संध्याकाळी आमच्या भागातला टॉवर सुरू झाला. आम्ही सगळे खिचडी खात बसलो होतो. भाईजानने मघाशीच कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन थोडा चार्ज करून आणला होता. तो टुणकन वाजला. भाईजानने मोठ्याने वाचले, "मी दुकानात आहे. खुशाल आहे. माझी वाट पाहू नका, जेवून घ्या."

अब्बांनी ताटावरून मान वर केली आणि म्हणाले, "पोहोचला का?"